नागीण, शेवाळ आणि घोंगडीवरची कुसळं

मागच्या श्रावणात माझ्या मावशीला नागीण झाली. ती रत्नागिरीजवळ राहते, वय ६८. डाव्या बरगडीखाली आधी दोन दिवस नुसती आग, मग पाठीकडून पोटाकडे फोडांची माळच उठली. शेजारच्या काकूंनी गेरू उगाळून दिला आणि "दोन्ही टोकं जुळू देऊ नका हो" असं बजावलं. मी पोचलो तोवर मावशीच्या फोनवर कुणीतरी मेसेज पाठवून ठेवला होता. समुद्री शेवाळाच्या अर्काने नागिणीचा विषाणू मरतो, संशोधनाने सिद्ध झालंय, बाटलीत साठ कॅप्सूल, आजच मागवा.

डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात मावशीने विचारलं, "आपल्या खडकांवर येतं तेच ना रे हे शेवाळ? त्याने जाते का नागीण?"

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला यायलाच हवं होतं. पण रिक्षात देता येईल इतकं ते छोटं नव्हतं. तो मेसेज धादांत खोटा असता तर "नाही" म्हणून विषय संपला असता. त्यात एक खरी गोष्ट आहे. साठ वर्षांहून जास्त काळ प्रयोगशाळांमध्ये ती पुन्हापुन्हा दिसली आहे. फक्त ती गोष्ट जिथे खरी आहे ती जागा वेगळी, आणि मावशीचं दुखणं होतं ती जागा वेगळी. हा लेख त्या दोन जागांमधल्या अंतराबद्दल आहे.

आधी विषाणूची ओळख करून घेऊ. नागिणीचा विषाणू हर्पिस कुळातला. हर्पिस हे एका विषाणूचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे. या कुळातले आठ-नऊ विषाणू माणसात राहतात. लहानपणी कांजिण्या आणतो तो त्यांतलाच एक, आणि म्हातारपणी नागीण होऊन परत येतो तोही तोच. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका येतो आणि आपण म्हणतो ताप ओठावर फुटला. ते काम हर्पिस सिम्प्लेक्सच्या पहिल्या प्रकाराचं. त्याचाच दुसरा प्रकार बहुतेक वेळा जननेंद्रियांवर फोड आणतो. (आपण 'तोंड आलं' म्हणतो ते गालाच्या आतले पांढरे व्रण मात्र सहसा हर्पिसचे नसतात. त्या दोन्हींची गल्लत फार होते.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळपास ३८० कोटी लोकांच्या अंगात हा पहिला प्रकार आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

या कुळाची खरी खोड म्हणजे दडून बसणं. ओठावरचा फोड आठ-दहा दिवसांत सुकतो, पण विषाणू गेलेला नसतो. तो नसेच्या धाग्यातून मागे सरकत कवटीच्या तळाशी, चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या नसेच्या गाठीत जाऊन बसतो. तिथे तो वाढत नाही, पेशी फोडत नाही, नुसता असतो. कांजिण्यांचा विषाणू तसाच पाठीच्या कण्यालगतच्या गाठींमध्ये दशकानुदशकं पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून नागीण पट्ट्यासारखी दिसते. तो पट्टा म्हणजे एका नसेचा मुलूख. शरीराच्या डाव्या-उजव्या नसा वेगळ्या असल्यामुळे पट्टा पोटाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. दोन टोकं जुळली की माणूस दगावतो ही भीती आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, पण सहसा ती टोकं जुळायला जातच नाहीत.

आता विषाणू पेशीत शिरतो कसा ते पाहू, कारण शेवाळाचा सगळा संबंध तिथेच येतो.

आपल्या पेशींचा बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर साखरेच्या लांब साखळ्यांची दाट लव असते. इथली साखर म्हणजे चहातली नव्हे, साखरेच्या वेगवेगळ्या कणांच्या गुंफलेल्या माळा. त्यांतल्या एका माळेचं नाव हेपरान सल्फेट. तिच्यावर जागोजागी सल्फेटचे, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनचे, गट असतात आणि त्यांच्यामुळे सगळ्या लवेवर ऋण विद्युतभार असतो. हर्पिसच्या कणाभोवती स्निग्ध आवरण असतं आणि त्यातून प्रथिनांचे काटे बाहेर आलेले असतात. त्यांतल्या काही काट्यांवर धन भाराचे ठिपके असतात. ऋण आणि धन जवळ आले की चिकटणारच.

धनगराची घोंगडी डोळ्यांसमोर आणा. माळावरून चालताना गवताची कुसळं त्या लोकरीत अडकतात. कुसळ आधी लोकरीत अडकतं, मग हळूहळू आत शिरत अंगाला टोचतं. विषाणूचंही तसंच. पहिली पायरी लवेत अडकण्याची. दुसऱ्या पायरीला तो पेशीवरच्या खास प्रथिनांना घट्ट पकडतो, मग त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतला डीएनए पेशीत उतरतो. पहिली पायरी हेपरान सल्फेटची आहे हे १९८९ मध्ये डॅरेल वूडन आणि पॅट्रिशिया स्पिअर या दोघांनी दाखवून दिलं. पण त्याचा सुगावा २५ वर्षं आधीच लागला होता. १९६४ मध्ये नहमियास आणि किब्रिक यांना आढळलं की रक्त पातळ करण्यासाठी वापरतात ते हेपरिन हर्पिसच्या विषाणूला अडवतं. हेपरिन हे हेपरान सल्फेटचंच सख्खं भावंड. पेशीच्या लोकरीसारखीच लोकर बाहेर मोकळी तरंगत ठेवली की कुसळं तिच्यातच अडकतात आणि घोंगडीपर्यंत पोचत नाहीत. सगळी युक्ती एवढीच आहे.

अशी मोकळी लोकर निसर्गात मुबलक तयार होते ती समुद्रात.

ओहोटीला रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या कातळांवर गेलात तर तीन रंगांचं शेवाळ दिसतं. हिरवं, तपकिरी आणि लाल, जे पुष्कळदा जांभळट किंवा काळपटच असतं. पावसाळा सरल्यावर ते जोमाने वाढतं. रंग हे वरवरचं झालं. आतून या तीन गटांच्या साखरा वेगळ्या आहेत. लाल शेवाळात आगर आणि कॅरागीनन, तपकिरी शेवाळात अल्जिनेट आणि फ्युकॉइडन, हिरव्यात उल्व्हान. यांतल्या पुष्कळ साखरांवर सल्फेट असतं. जमिनीवरच्या झाडांमध्ये ते सहसा सापडत नाही, समुद्रात मात्र त्याला तोटा नाही. एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. सल्फेट लावलेली साखर पाणी धरून ठेवते. दिवसातून दोनदा उघडं पडून उन्हात वाळणाऱ्या जिवाला असा ओलावा राखणारा, लवचिक मसाला पेशींच्या भिंतीत लागतोच. शेवाळ हाताला बुळबुळीत लागतं ते या अशा साखरांमुळेच. आपल्या पेशींच्या लवेशी तिचं साम्य निव्वळ योगायोगाचं, पण विषाणूला दोन्हींतला फरक कळत नाही.

या साखरा आपल्या ओळखीच्याही आहेत. उपासाला दुधात घालून वड्या थापतो ते चायना ग्रास म्हणजे आगर. आइस्क्रीम आणि चॉकलेटच्या दुधाला दाटपणा देतं, टूथपेस्ट घट्ट ठेवतं ते कॅरागीनन. मग चायना ग्रासची वडी खाऊन हर्पिस अडेल का? नाही, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं कारण सल्फेटचं प्रमाण. आगरात ते अगदी थोडं. कॅरागीननचे तीन मुख्य प्रकार आहेत. कप्पामध्ये साखरेच्या प्रत्येक जोडीमागे एक सल्फेट, आयोटामध्ये दोन, लॅम्डामध्ये तीनाच्या आसपास. हर्पिसविरुद्धची ताकदही साधारण याच क्रमाने वाढत जाते. दुसरं कारण पोटातून जाण्याचं. त्याच्याकडे पुढे येतोच.

प्रयोगशाळेतली गोष्ट सुरू होते १९५८ मध्ये. गर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांना फ्लू आणि गालगुंडाच्या विषाणूंची लागण केली आणि लाल शेवाळाच्या अर्काने ते गर्भ वाचतात असं नोंदवलं. पुढची पायरी जवळजवळ अपघाताने पडली, आणि मला ती फार आवडते. विषाणू मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत पेशींचा एकच थर वाढवतात. त्यावर विषाणू टाकतात, तासभर थांबतात आणि वरून जेलीचा पातळ थर ओततात. जेलीमुळे नव्या विषाणूंना दूर जाता येत नाही, ते शेजारच्याच पेशी मारतात. दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग घातला की जिवंत पेशींचा थर जांभळा होतो आणि मेलेल्या पेशींच्या जागी स्वच्छ ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे सुरुवातीला आत शिरलेला एक विषाणू. ठिपके मोजले की विषाणू मोजले. ही जेली बहुतेक वेळा आगरची असायची. १९६१ मध्ये टाकेमोटो आणि लीबहाबर यांच्या लक्षात आलं की काही विषाणूंचे ठिपके आगरखाली लहानच राहतात. आगरातला थोडासा सल्फेटवाला भागच त्यांना रोखत होता. मोजमापाचं साधनच मोजमापात लुडबूड करत होतं. तीन वर्षांनी टाकेमोटो यांनी अशा साखरा हर्पिसवरही चालतात हे दाखवलं.

१९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या दोन लाल शेवाळांचे अर्क थेट हर्पिसवर तपासले गेले आणि विषाणूची वाढ थांबली. ऐंशीच्या दशकात स्पेनमध्ये कॅरागीननवर, बेल्जियममध्ये सल्फेटवाल्या साखरांच्या अख्ख्या कुळावर काम झालं. कळलं ते असं की ज्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं ते पुष्कळ विषाणू या साखरांना फसतात. नंतर अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्स विद्यापीठात एल्सा दामोंते यांच्या गटाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मिळणाऱ्या लाल शेवाळाचं कॅरागीनन तपासलं. एका मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेत हर्पिसचे ठिपके निम्म्यावर आले, आणि १००० मायक्रोग्रॅमपर्यंत पेशींना काही झालं नाही. औषधशास्त्रात हे अंतर महत्त्वाचं. विषाणू कितीने अडतो आणि पेशी कितीने मरते यांत हजारपटीची जागा असेल तर कुणाचेही डोळे चमकतील.

तर मेसेजमधला "संशोधनाने सिद्ध" हा भाग इथपर्यंत खरा आहे. आता पुढचं.

वर सांगितलेल्या प्रयोगात एक छोटा बदल करा. शेवाळाची साखर विषाणूबरोबर घालण्याऐवजी तासाभराने, म्हणजे विषाणू पेशींना चिकटून आत गेल्यावर घाला. परिणाम झपाट्याने ओसरतो. हे अपेक्षितच आहे. साखळी फार मोठी असल्यामुळे ती पेशीत सहजी शिरत नाही. तिचं काम दाराबाहेरचं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच दोन लाल शेवाळांचे अर्क उंदरांवर तपासले तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. हर्पिस टोचण्याच्या आधी अर्क दिला तर उंदीर वाचले किंवा जास्त दिवस जगले. नंतर दिला तर काही उपयोग नाही.

मावशीची नागीण बाहेरून आलीच नव्हती. विषाणू साठ वर्षांपूर्वीच्या कांजिण्यांपासून तिच्या कण्यालगत होता. तो नसेच्या आतून, पेशीतून पेशीत जात कातडीवर आला. दाराबाहेर पहारेकरी उभा करून काय करणार, चोर माळ्यावरच राहतो.

इथे डॉक्टर देतात त्या गोळीशी तुलना केली तर फरक नीट कळतो. असायक्लोव्हिर हे हर्पिसचं जुनं, भरवशाचं औषध. ते आणि त्याची भावंडं पेशीच्या आत जातात. हर्पिसची लागण झालेल्या पेशीत विषाणूचं स्वतःचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते असायक्लोव्हिरला धार लावतं, आणि मग ते औषध विषाणूच्या नव्या डीएनएच्या साखळीत घुसून ती साखळी तिथेच तोडतं. निरोगी पेशीत धार लावणारं विकर नसल्यामुळे तिला फारसा त्रास होत नाही. गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं ते ज्या कामासाठी, त्यातली ही एक ठळक गोष्ट. असायक्लोव्हिरही गाठीत झोपलेल्या विषाणूला हात लावू शकत नाही. जागा होऊन वाढू लागलेल्याला मात्र ते पेशीत शिरून गाठतं.

शेवाळाची कॅप्सूल गिळली तर काय होतं? या साखळ्या आतड्यातून रक्तात फारशा जातच नाहीत. त्यांच्याच जातीचं डेक्स्ट्रान सल्फेट ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एचआयव्हीच्या रुग्णांना तोंडाने दिलं गेलं होतं. रक्तात ते जेमतेम पोचलं. मग शिरेतून दिलं, तर रुग्णांच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या. रक्तातही असंख्य प्रथिनं धन भाराची असतात. ऋण भाराची साखर रक्तात सोडली की ती विषाणूची वाट पाहत बसत नाही, मिळेल त्याला चिकटते. हेपरिन रक्त पातळ करतं ते याच स्वभावामुळे.

म्हणून संशोधकांनी पोटाचा आणि रक्ताचा नाद सोडला आणि विषाणू जिथून आत येतो त्या दारावर लक्ष दिलं. लैंगिक संबंधातून होणाऱ्या लागणीसाठी योनीत लावायचं जेल बनवायचं. जोडीदाराने निरोध वापरला नाही तरी स्त्रीच्या हातात एक उपाय राहावा असा हेतू होता, आणि तो हेतू मला आजही मोलाचा वाटतो. लक्ष्य मुख्यतः एचआयव्ही, पण हर्पिसचा दुसरा प्रकारही अडला तर दुहेरी लाभ, कारण हर्पिसच्या जखमांतून एचआयव्हीची लागणही सोपी होते. उंदरांमध्ये कॅरागीननच्या जेलने जननेंद्रियांचा हर्पिस रोखला होता.

न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेने कॅरागीननचं 'कॅरागार्ड' नावाचं जेल तयार केलं. २००४ ते २००७ या काळात दक्षिण आफ्रिकेत तीन ठिकाणी ६२०२ स्त्रियांवर त्याची मोठी चाचणी झाली. निकाल २००८ मध्ये आला. जेल सुरक्षित होतं, पण एचआयव्हीची लागण दर शंभर स्त्रियांमागे वर्षाला ३.३, आणि नुसतं बिनऔषधी जेल वापरणाऱ्यांत ३.८. एवढा फरक योगायोगानेही पडतो. जेल वापरलं गेलं होतं ते जेमतेम ४२ टक्के संबंधांच्या वेळी. म्हणजे औषध फसलं की वापर फसला, हे त्या चाचणीतून वेगळं काढणं अवघड झालं.

याच जातीचे आणखी दोन उमेदवार होते, दोन्ही शेवाळाचे नव्हेत पण तत्त्व तेच, ऋण भाराची लांब साखळी. सेल्युलोज सल्फेटच्या चाचणीत आफ्रिकेबरोबर आपल्याकडचं बागलकोट आणि चेन्नईही होतं. जानेवारी २००७ मध्ये ती थांबवावी लागली, कारण जेल वापरणाऱ्यांतच लागण जास्त होत असल्याची शंका आली. पुढे सगळे आकडे मोजल्यावर ती वाढ ठाम ठरली नाही, पण फायदाही दिसला नाही. दुसरा उमेदवार प्रो २०००. त्याची सुरुवातीची सुरक्षिततेची तपासणी पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाली होती. पुण्यातल्या स्त्रियांनी त्यात भाग घेतला, जेल वापरायला कसं वाटतं हे मोकळेपणी सांगितलं. या कामाचा आपल्याकडे कधी उल्लेख होत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. नंतर आफ्रिकेत ९३८५ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली आणि २००९ च्या डिसेंबरात निकाल लागला: एचआयव्हीपासून संरक्षण नाही.

बशीत इतकं उत्तम चालणारं तत्त्व शरीरात का फसावं? एक उत्तर २००७ मध्ये मिळालं होतं. अमेरिकेत बेट्सी हेरोल्ड यांच्या गटाने प्रयोगात एक साधी गोष्ट केली, बशीत वीर्यातला द्रव घातला. त्याबरोबर या साखळ्यांची विषाणूविरोधी ताकद घटली. वीर्यातली प्रथिनं साखळीला आधी चिकटतात आणि विषाणूसाठी लोकर मोकळी उरत नाही. लैंगिक लागणीत विषाणू येतो तोच बहुधा त्या द्रवासोबत. बशीत विषाणू एकटा येत होता, प्रत्यक्षात तो गर्दीत येतो. मला वाटतं, हा एक प्रयोग आधीच्या दहा वर्षांत कुणी केला असता तर हजारो स्त्रियांचा वेळ आणि विश्वास वाचला असता.

ओठावरच्या आणि इतर हर्पिसबद्दल माणसांवरचा एक अभ्यास बाटल्यांच्या जाहिरातींत फार फिरतो. टास्मानियातल्या तपकिरी शेवाळाच्या, जपानी लोक वाकामे म्हणून खातात त्याच्या पावडरीवर तो झाला, २००२ मध्ये. हर्पिस चालू असलेले १५ जण आणि दडलेला हर्पिस असलेले ६ जण, अशा २१ लोकांना ती दिली. चालू हर्पिस बरा झाला, दडलेला उठला नाही. वाचायला छान वाटतं. पण तुलनेसाठी पावडर न घेणारा गटच नव्हता. ओठावरचा फोड आठ-दहा दिवसांत आपोआप सुकतो. काहीही खाल्लं, काहीही लावलं तरी तो सुकतोच आणि श्रेय त्या वस्तूला मिळतं. गेरूचंही असंच आहे. नागिणीचे फोड तीन-चार आठवड्यांत भरतात, गेरू लावा की न लावा.

मग हे सगळं सोडून द्यावं का? मला तसं वाटत नाही. न्यूझीलंडच्या एका लाल शेवाळात ग्रिफिथसिन नावाचं प्रथिन अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांना २००५ च्या सुमारास सापडलं. ही साखर नाही, साखरेला पकडणारं प्रथिन आहे. ते विषाणूच्याच अंगावरच्या साखरेला जाऊन बिलगतं. २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं की ते हर्पिसला पेशीत शिरण्यापासून अडवत नाही, पण एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाण्याची वाट बंद करतं. म्हणजे कॅरागीनन जिथे हात टेकतं तिथून याचं काम सुरू होतं. म्हणून दोन्ही एकत्र घातलेलं जेल बनवलं गेलं आणि माणसांवरच्या पहिल्या, सुरक्षिततेच्या छोट्या चाचणीपर्यंत पोचलंही. हिरव्या द्राक्षांच्या घडासारखं दिसणारं एक शेवाळ आपल्या कोकणातल्या कातळांवरही येतं. त्यातल्या कॉलर्पिन या छोट्या रेणूवर ब्राझीलमध्ये हर्पिसविरुद्ध काम झालं आहे. छोटा रेणू म्हटल्यावर पेशीच्या आत जाण्याची आशा असते. पण त्या एका छोट्या चाचणीपलीकडे ही कामं अजून बशीच्या आणि उंदराच्याच टप्प्यावर आहेत.

आपल्याच खडकांवर मिळणाऱ्या ग्रॅसिलेरिया कॉर्टिकाटा या लाल शेवाळाचीही तपासणी झाली आहे. पश्चिम बंगालमधल्या वर्धमान विद्यापीठातल्या बिमलेंदु राय यांच्या गटाने त्यातली साखर वेगळी काढली, आणि हर्पिसवरची चाचणी ब्यूनोस आयर्सच्या त्याच दामोंते यांच्या गटाने केली. २००२ साली ती प्रसिद्ध झाली. विषाणू अडला, आणि अडला तो चिकटण्याच्याच पायरीला. मावशीच्या "आपल्या खडकावर येतं तेच ना" याचं उत्तर त्यामुळे बऱ्याच अंशी हो असं आहे.

कॅप्सूलबद्दल तिला मी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. तपकिरी शेवाळात आयोडीन खूप असू शकतं, आणि तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. शेवाळ पाण्यातले जड धातू आणि आर्सेनिक शोषून घेतं. हिजिकी नावाचं शेवाळ खाऊ नका असं ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने आर्सेनिकमुळेच सांगितलेलं आहे. आणि फ्युकॉइडन हेपरिनसारखं रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतं, तेव्हा रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये. बाटली मागवली नाही.

फोड महिन्याभरात भरले. बरगडीखालची आग मात्र कार्तिकापर्यंत टिकली. नस दुखावली की असं होतं, आणि वय जास्त तितकी शक्यता जास्त. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. मावशीचा बराचसा वेळ गेरूत गेला होता, आम्ही काठावर पोचलो. पन्नाशीनंतर घेण्याची नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, पण मामाने घेतली. निघताना शेजारच्या काकूंना मी ७२ तासांचं सांगितलं. गेरूवरून त्या जरा रागावल्या, मग आत जाऊन पेन घेऊन आल्या आणि तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवला.